पंचायत बसायची तेव्हा

आमच्या गावात ग्रामपंचायतीची पहिली ओळख व्हायची ती रॉकेलच्या वासाने. गोमाई नदीच्या काठचं, शहाद्यापासून सायकलीच्या टप्प्यातलं गाव. वीज अजून यायची होती. चौकाचौकात लाकडी खांब आणि खांबांवर काचेचे कंदील. दिवेलागणीला पंचायतीचा शिपाई खांद्यावर शिडी आणि हातात डबा घेऊन निघायचा, आम्ही पोरं त्याच्या मागे. वात कापायची, काच पुसायची, रॉकेल ओतायचं, काडी ओढायची आणि पुढचा खांब. चांदण्या पंधरवड्यात तो सरळ घरी बसायचा, कारण तेवढंच रॉकेल वाचायचं. घरपट्टीच्या पावतीवर ‘दिवाबत्ती’ असा एक रकाना असे. त्या रकान्यातले पैसे कुठे जातात हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. ते रोज संध्याकाळी आमच्यासमोर शिडीवर चढायचे.

दुसरी ओळख रेडिओची. पंचायतीला मिळालेला सार्वजनिक रेडिओ शिपाई ओट्यावर आणून ठेवायचा आणि कान पिळायचा मान फक्त त्याचा. 1976 साली जळगावचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा आपल्याकडचे बाजारभाव आपल्याकडच्या माणसाच्या आवाजात ऐकून म्हातारी माणसं हरखली होती. रेडिओ ऐकायला आलेला माणूस बातम्या संपल्या की उठून जायचा नाही. तिथेच नदीला पाणी किती, कुणाचं जनावर कुणाच्या कपाशीत शिरलं, शाळेचे मास्तर चार दिवस का दिसले नाहीत, असं बोलणं लागायचं आणि त्यातच सरपंच बसलेले असायचे. अर्धी मासिक सभा रेडिओच्या ओट्यावरच उरकलेली असे. कागदावरची सभा नंतर.

कागदावरच्या सभेची दवंडी कोतवाल द्यायचा, डफडं वाजवत. सात वाजताची सभा नऊला सुरू व्हायची आणि ती केव्हा संपेल हे कुणी सांगू शकत नसे. ऑफिस म्हणजे चावडीला लागून असलेली एक कौलारू खोली, लोखंडी पत्र्याचं कपाट, त्यात कापडात बांधलेलं दप्तर. आत जागा नसल्याने सतरंजी ओट्यावर अंथरायची. ग्रामसेवक कंदिलाजवळ मांडी घालून प्रोसिडिंग लिहायचे. एकेका ठरावावर भांडण व्हायचं. विहिरीचा गाळ काढायचा तर मजुरी पंचायतीने द्यायची की गावाने श्रमदान करायचं, यावर मी एकदा कोंबडं आरवेपर्यंत चाललेली सभा पाहिली आहे. शेवटी ठरलं काय, तर अर्धं अर्धं. हे अर्धं अर्धं पहिल्या दहा मिनिटांत ठरवता आलं असतं असं आज वाटतं. पण मग सकाळी गाळ काढायला सगळे आले नसते.

मुंबई ग्रामपंचायत कायदा 1958चा. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर 1 मे 1962पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि गावातली पंचायत त्या उतरंडीचं सगळ्यात खालचं मडकं ठरली. त्याच सुमारास पाटलांचं वंशपरंपरागत वतनही कायद्याने गेलं. वतन गेलं, रुबाब राहिला. सरपंच पंचांमधूनच निवडला जायचा आणि तो कुठल्या वाड्यातून येणार हे निवडणुकीच्या आधीच माहीत असायचं. निवडणूक बिनविरोध झाली की त्याला गावाचा एकोपा म्हणायची पद्धत होती.

इथे जुन्या आठवणींच्या गोडीला जरा आवर घालायला हवा. त्या सतरंजीवर कोण बसायचं? सरपंच, उपसरपंच, पंच आणि चार जमीनदार शेतकरी. ओट्याच्या कडेवर लहान शेतकरी. आणि खाली निंबाच्या झाडाखाली, अंधारात, सालदार आणि भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली माणसं, बहुतेक उभी. त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं आणि बसा असंही म्हणत नव्हतं. कंदिलांचे खांब भिलाटीच्या तोंडाशी संपायचे. दिवाबत्तीचा तो रकाना त्यांच्याही पावतीवर होता की नाही, हा प्रश्न त्या वयात मला पडला नाही आणि ज्यांना पडायला हवा होता त्यांनाही पडला नसावा.

शहादा तालुक्यात त्या प्रश्नाचा स्फोट झाला तो पंचायतीच्या बाहेर. 1971च्या मे महिन्यात पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग महाराज सुरतवंती त्याआधीपासून भिल्लांमध्ये काम करत होते. 1972 साली शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली, पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या, सालदारांची मजुरी मागितली गेली, पीक संरक्षण सोसायट्यांच्या रखवालदारांना जाब विचारला गेला, आणि भिलाटीतल्या बायांनी दारूची मडकी फोडली. यातला एकही विषय आमच्या पंचायतीच्या अजेंड्यावर कधी आला नव्हता. अजेंड्यावर विहिरीचा गाळ होता, कोंडवाड्याचा लिलाव होता, शाळेची कौलं होती. गावातलं सगळ्यात मोठं भांडण जिथे बोललंच जात नाही अशी ती सभा होती, हे लिहिल्याशिवाय त्या रात्रभर चालणाऱ्या सभांचं कौतुक करायचा मला हक्क नाही.

तरीही कौतुक वाटतं. ते का, हे मला मामांच्या गोष्टींवरून कळलं.

मामा ग्रामसेवक होते. सत्तरच्या दशकात त्यांची बदली अक्राणी महालात झाली, म्हणजे धडगावकडे. घरात आजी रडली होती. त्या बदलीला काळं पाणी म्हणत. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो झाला 1 जुलै 1998 रोजी, धुळ्यातून वेगळा निघून. तोवर सातपुड्याच्या माथ्यावरच्या ग्रामसेवकाला जिल्हा परिषदेत काम पडलं तर जायला एक दिवस, साहेब भेटेपर्यंत एक दिवस आणि यायला एक दिवस. मामा एसटीने धडगाव गाठायचे आणि पुढे दप्तर डोक्यावर घेऊन पायी. गावं म्हणजे पाडे, एक या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, मधे दरी. असे कितीतरी पाडे मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत. सरपंच एका पाड्यात, ऑफिस दुसऱ्या, आणि ज्याला दाखला हवा तो तिसऱ्याच डोंगरावर.

मामा सांगायचे की तिथे दोन पंचायती होत्या. एक त्यांच्या दप्तरात. तिची सभा ते पोहोचतील तेव्हा व्हायची. सरपंच विश्वासाने अंगठा उठवायचा आणि ती संपायची. दुसरी रात्री कारभाऱ्याच्या अंगणात. शेकोटी पेटलेली, पुजारा, कारभारी, जाणती माणसं, पाड्यातली घरटी एकेक तरी माणूस. विषय असायचे देजाचे म्हणजे नवरीच्या मोलाचे, नेवाडाच्या म्हणजे जंगलातल्या शेताच्या हद्दीचे, पळून गेलेल्या पोरापोरीचे, शेतात शिरलेल्या गुरांचे. हात वर करून मतं मोजणं नव्हतं. जो अडून बसला असेल तो नरम पडेपर्यंत किंवा त्याचं म्हणणं बाकीच्यांना पटेपर्यंत बसायचं. नाहीच जमलं तर उद्या रात्री पुन्हा. मामा सुरुवातीला वैतागायचे, घड्याळ बघायचे. पुढे त्यांनी घड्याळ बघणं सोडलं आणि आपलं दप्तरच त्या अंगणात नेऊन ठेवायला लागले. आधी रात्रीची बैठक होऊ द्यायची, तिथे रस्ता कुठून न्यायचा, विहीर कुठे खणायची हेही बोलून घ्यायचं, आणि ठरलेलं सकाळी ठराव म्हणून लिहायचं. हे कुठल्या परिपत्रकात बसत नव्हतं. पण त्यांच्या काळातली कामं अर्धवट पडली नाहीत, कारण ठरवणारेच दगड वाहायला यायचे. एकाच्या शेतावर सगळ्या पाड्याने राबायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, या लाहाच्या रीतीची त्यांना सवयच होती.

त्या अंगणातही सगळं सोज्वळ नव्हतं. पंच पुरुषच असत. बाया कडेला बसून मोठ्याने बोलत, पण निवाडा पुरुषांचा. दंड झाला की त्यातला बराच भाग दारूत जायचा. आणि गावात आजार आला की कुणा एकट्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढणारीही हीच बैठक असायची. मामा हे सांगताना आवाज खाली आणत. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा यायला अजून खूप वर्षं होती. आणि कायदा आल्यावरही अशा तक्रारी थांबल्या आहेत असं नाही.

मला जे आठवत राहतं ते न्यायाचं नाही, वेळेचं आहे. खालच्या सपाटीवर आणि वरच्या डोंगरात, दोन्हीकडे लोक एका विषयाला रात्रभराचा वेळ देत होते. सपाटीवर तो वेळ ठरावीक माणसांना मिळायचा, डोंगरात पुष्कळ जास्त माणसांना. पंचायतीकडे तेव्हा पैसा जवळजवळ नव्हताच. घरपट्टी वसूल व्हायची ती मिरची नंदुरबारच्या बाजारात विकून आल्यावर, तीही शिपायाने चार हेलपाटे घातल्यावर. त्या तुटपुंज्या रकमेवर माणसं पहाटेपर्यंत भांडायची.

आता आमच्या गावात पंचायतीची दुमजली इमारत आहे. खाली फरशी, खुर्च्या, कपाटं, वर सभागृह, दाराशी सौर दिवा. तो दिवा भिलाटीतही आहे, आणि हा फरक मी फार मोठा मानतो. चौदाव्या वित्त आयोगाने 2015पासून पाच वर्षं केंद्राचा निधी सरळ ग्रामपंचायतीच्या खात्यात दिला. पंधराव्यात त्यातले दहा-दहा टक्के जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला गेले, तरी ऐंशी टक्के गावाकडेच राहिले. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या सरपंचाने अशी रक्कम आयुष्यात पाहिली नसती. सरपंचांच्या तोंडी आता ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ हे शब्द सहज येतात. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा पैसा, अबंधित म्हणजे गाव ठरवेल तिथे.

गाव ठरवेल तिथे. पण गाव ठरवतं कधी? ग्रामसभेचा कोरम म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी असेल ते. शंभर माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही मेख आहे. पुढच्या वेळी दहा जण असले तरी चालतात. ते दहा जणही फोटोपुरते थांबतात, कारण फोटो अपलोड करावा लागतो. बाकीच्यांच्या सह्या शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार गोळा करतो. मागच्या खेपेला गेलो होतो तर ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, ग्रामसभा कशी झाली? तो म्हणाला, “आते कोन येस मीटिंगले, भाऊ? सही करी दिधी.” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. दूध घातलं, सही केली, इतकं ते साधं झालं आहे.

पूर्वी दप्तर ग्रामसेवकाच्या कपाटात असायचं, आता संगणकात. घरपट्टीचा उतारा, जन्माचा दाखला, सगळं ऑपरेटर काढून देतो, आणि चार हेलपाटे वाचतात हे खरं. ग्रामसेवक हे नावही गेलं. 2024मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं एकच पद केलं. त्याच वर्षी सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात तीनचे सहा हजार. खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि अधिकारी या दोघांची डिजिटल सही लागते आणि ती एका बोटभर डोंगलमध्ये असते. जिल्ह्यात फिरताना मी एक सवय लावून घेतली आहे. सरपंच भेटले की चहा झाल्यावर विचारायचं, तुमचा डोंगल कुठे आहे? काही जण खिशातून काढून दाखवतात. काही जण म्हणतात, ऑपरेटरकडे. एका ताईंनी घरात डोकावून नवऱ्याला विचारलं. मामांच्या काळातल्या सरपंचाचा अंगठा निदान त्याच्या हातालाच होता.

अंगठ्यावरून आठवलं. आमच्या लहानपणी प्रोसिडिंगच्या पानावर खाली सह्या कमी आणि शाईचे अंगठे जास्त. मग प्रौढ साक्षरतेचे वर्ग आले, रात्री कंदील लावून बायका-पुरुष नाव गिरवायला शिकले. आपली सही कागदावर पहिल्यांदा करणाऱ्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला ती गोष्ट विसरता यायची नाही. आणि मग 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले, देशातलं पहिलं आधार कार्ड तिथल्या एका आदिवासी बाईच्या हातात पडलं, आणि गावाच्या कारभारात अंगठा परत आला. रेशनला अंगठा, पेन्शनला अंगठा. शिकलेल्या सहीला मशीन ओळखत नाही. ऊस तोडून, दगड फोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा अंगठा ते पुष्कळदा ओळखतही नाही, मग ती माणसं हात धुऊन, पुसून पुन्हा रांगेत उभी राहतात. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्के होती, राज्यात सगळ्यात कमी. त्यातल्या ज्यांनी घाम गाळून सही कमावली त्यांच्या वाट्याला हे आलं.

सरपंच कोण होणार हे आता वाड्यात ठरत नाही. 1993च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011मध्ये त्या निम्म्या केल्या. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या गावांत सरपंचपद आदिवासींनाच. निंबाखाली उभ्या राहणाऱ्या माणसाची नात आज त्या दुमजली इमारतीत खुर्चीवर बसते. तिचा नवरा बाजूच्या खुर्चीवर बसून बोलत असेल तरी बसते. काही ठिकाणी तो बसत नाही, आणि अशा ठिकाणी अजेंड्यावर पहिला विषय पाण्याचा असतो. ज्या नियमाचा त्रास होतो तोही आहे: 12 सप्टेंबर 2001नंतर तिसरं मूल झालं तर सदस्य होता येत नाही. ज्या डोंगरात दवाखाना चार तासांवर होता, मूल जगेल की नाही याचा भरवसा नव्हता, तिथे या एका अटीने किती जाणती बाई-माणसं बाद झाली असतील याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

आणि बिनविरोधाचं काय झालं, तेही सांगायला हवं. 15 जानेवारी 2021ला राज्यभर ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांची निवडणूक रद्द केली: नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि आमच्या जिल्ह्यातल्या नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी. कारण पदांसाठी जाहीर बोली लागल्याची चित्रफीत बाहेर आली होती. खोंडामळीची बोली 42 लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या आणि पैसा देवीच्या मंदिरासाठी होता. मंदिरासाठीच तर आहे, खिशात कुठे घातला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. मला त्यात पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खुपली. लिलाव म्हणजे चर्चा वाचवण्याचा सगळ्यात जलद मार्ग. तासाभरात निकाल. आमच्या वाड्यातले पाटीलही निवडणूक टाळायचेच, पण त्यासाठी त्यांना महिनाभर दारोदार बसून माणसं राजी करावी लागायची. ती लबाडी होती, पण तिला लोकांशी बोलावं लागत होतं.

मामा निवृत्त झाले आणि पुढे डोंगरातली ती दुसरी पंचायत कायद्यात आली. दिलीपसिंग भुरिया समितीच्या शिफारशींवरून 24 डिसेंबर 1996ला पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रातल्या गावाने आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे कारभार चालवावा, जमीन, पाणी, गौण वनोपज, दारूचं दुकान, सावकारी यांवर ग्रामसभेचा शब्द चालावा, असं त्यात आहे. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके पूर्णपणे त्यात येतात, नंदुरबार आणि शहाद्याचा काही भाग. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाड्याला आपली स्वतःची ग्रामसभा मागता येते. ग्रुप ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत दरी उतरून जायची गरज नाही. महाराष्ट्राने याचे नियम केले 4 मार्च 2014ला, म्हणजे कायद्यानंतर सतरा वर्षांनी. 2015मध्ये राज्यपालांच्या आदेशाने आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी या गावांना थेट मिळू लागला. मधल्या काळात वनहक्क कायदा आला, त्यातही दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेचीच. नेवाडाची हद्द जी माणसं शेकोटीपाशी ठरवत होती त्यांच्या शब्दाला सरकारी कागदाचं वजन आलं.

मामांना मी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. आपण परिपत्रकाबाहेर जाऊन जे चोरून करत होतो त्याचा राजपत्रात छापून कायदा झाला याची त्यांना गंमत वाटली. मग त्यांनी एकच विचारलं: सभा कधी घेतात?

हा प्रश्न मला फार उशिरा समजला. ग्रामसभा वर्षाला किमान चार. आमच्याकडे त्या बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा झेंडावंदनाच्या आणि जयंतीच्या दिवसांना चिकटून येतात. गावाचा वार्षिक विकास आराखडा 2 ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या मोहिमेत करायचा. आता सातपुड्यातला माणूस या दिवसांत कुठे असतो ते पाहा. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं आणि वर माणसं बसून लोक ऊसतोडीला जातात, गुजरातेत सुरत-बार्डोलीकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेच्या आश्रयाने ठेवलेली मुलं. म्हणजे गावाने वर्षभर काय करायचं हे ठरवण्याच्या मोसमात गाव गावात नसतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेचं रजिस्टर तरीही भरलेलं असतं. बार्डोलीच्या फडात कोयता चालवणाऱ्या माणसाची सही धडगाव तालुक्यातल्या ग्रामसभेत कशी होते, हे विचारायला ऑडिटरला कधी सुचलेलं मी ऐकलं नाही.

आणि गाव सगळं एकत्र कधी असतं? होळीला. उचल फिटलेली असो वा नसो, मुकादम राजी असो वा नसो, फाल्गुनात सातपुड्याचा माणूस घरी येतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला डोंगर लोटतो, ढोल रात्रभर थांबत नाही. मामांची सगळी मोठी कामं, म्हणजे रस्ता, विहीर, शाळेची जागा, या दिवसांत ठरलेली होती. त्यांनी ते कुणा साहेबाला कळवलं नव्हतं. रात्रीच्या बैठका मुळात याच दिवसांत भरायच्या, ते फक्त वेळेवर तिथे हजर राहायचे. होळीत लोक शुद्धीत असतात का, असं मला एका अधिकाऱ्याने हसत विचारलं होतं. त्याला मी सांगितलं की होळीची पालनी, म्हणजे व्रत, धरणारे लोक त्या दिवसांत दारूला शिवत नाहीत, जमिनीवर झोपतात आणि घरचा संसार बाजूला ठेवतात. आपल्या कितीतरी सभांना याहून कमी शुद्धीत माणसं बसलेली मी पाहिली आहेत, आणि ती पुढच्या रांगेत असतात.

कायद्याने चार ग्रामसभा ‘किमान’ सांगितल्या आहेत, पाचवीला बंदी घातलेली नाही. पेसा गावांना तर आपल्या रीतीप्रमाणे चालायला सांगणारा कायदाच हातात आहे. तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि पंचायत समितीत बसणाऱ्या साहेबांना एवढंच सांगणं आहे. येत्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, प्रत्येक पाड्यात एक ग्रामसभा लावा. ती दुपारी बाराला नको, रात्री लावा. आराखडा मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत आणि पावरी, भिली, मावची जी बोली त्या पाड्याची असेल तिच्यात. आणि सह्यांचं रजिस्टर सभा संपल्यावरच उघडा.